विश्लेषण : लॉर्ड्सची अंतिम लढत आणि अबू धाबीची अखेरची फेरी… क्रिकेट व फॉर्म्युला वनच्या चाहत्यांचे दुखणे एकच कसे?

एक खेळ लाकडी बॅटचा, दुसरा ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या गाड्यांचा. एकात पाच दिवसांनंतरही निकाल लागेलच असे नाही, दुसऱ्यात दोन तासांत सारे आटोपते. तरीही क्रिकेट आणि फॉर्म्युला वन हे दोन्ही खेळ मनापासून पाहणारे अनेक जण आहेत आणि दोहोंतील साम्ये त्यांना सहज दिसतात. त्यातील सर्वांत बोचरे साम्य म्हणजे, निर्णायक क्षणी निकाल मैदानाबाहेरच्या नियमपुस्तिकेतून येतो. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आणि २०२१ मध्ये अबू धाबीत हेच घडले. दोन्ही वेळी नियम नंतर बदलले, निकाल मात्र कायम राहिले.

१४ जुलै २०१९ रोजी काय घडले?

त्या रविवारी ब्रिटिश क्रीडाप्रेमींची चंगळ होती. सिल्व्हरस्टोनला लुईस हॅमिल्टनने घरची ब्रिटिश ग्रां प्री सहाव्यांदा जिंकली, तर लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना रंगला. न्यूझीलंडच्या ८ बाद २४१ धावांचा पाठलाग करताना इंग्लंडला ट्रेंट बोल्टच्या शेवटच्या षटकात १५ धावा हव्या होत्या. चौथ्या चेंडूवर दुसरी धाव पूर्ण करण्यासाठी बेन स्टोक्सने झेप घेतली. मार्टिन गप्टिलची फेक त्याच्या बॅटला लागून थेट सीमापार गेली आणि पंच कुमार धर्मसेना यांनी सहा धावा दिल्या. गप्टिलने चेंडू फेकला त्या क्षणी दोन्ही फलंदाजांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडले नव्हते, हे नंतरच्या चित्रफितीत दिसले. नियमानुसार पाचच धावा मिळायला हव्या होत्या आणि पुढचा चेंडू स्टोक्सऐवजी आदिल रशीदने खेळायला हवा होता. धर्मसेना यांनी ही चूक पुढे मान्यही केली.

सामना २४१ धावांवर बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्येही दोन्ही संघांच्या प्रत्येकी १५ धावा झाल्या. मग कोणी अधिक चौकार-षटकार मारले, हे मोजले गेले. इंग्लंड २६, न्यूझीलंड १७. विश्वविजेता ठरला तो या मोजणीने. हा नियम स्पर्धेपूर्वीच लिहिलेला होता. पण तो आहे, हे जगभरच्या बहुतेक प्रेक्षकांना त्या संध्याकाळीच कळले.

अबू धाबीत वाद कशावरून झाला?

१२ डिसेंबर २०२१ रोजी हंगामातील शेवटच्या शर्यतीपूर्वी हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन या दोघांचेही ३६९.५ गुण होते. सुरुवातीलाच आघाडी घेतलेला हॅमिल्टन अखेरच्या टप्प्यातही १० सेकंदांहून अधिक पुढे होता. ५८ पैकी ५३व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार आली. अशा वेळी सर्व गाड्या तिच्यामागे संथ गतीने रांगेत चालतात, त्यामुळे मेहनतीने कमावलेली आघाडी पुसली जाते. व्हर्स्टापेनने ही संधी साधून नवे मऊ टायर बसवले. हॅमिल्टन थांबला असता तर पहिले स्थान गमावण्याचा धोका होता. तो चाळीसहून अधिक फेऱ्या झिजलेल्या कठीण टायरवरच राहिला.

दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. त्यांना पुढे जाऊ दिले जाणार नाही, असे आधी जाहीर झाले. मग शर्यत संचालक मायकेल मासी यांनी फक्त त्या पाचच गाड्यांना पुढे सोडले. इतर मागे पडलेल्या गाड्या जागीच राहिल्या. त्यानंतर आणखी एक फेरी थांबून सेफ्टी कारने बाहेर पडावे, असा नियम होता. पण ती त्याच फेरीअखेर बाहेर काढण्यात आली. उरलेल्या एका फेरीत नव्या टायरवरील व्हर्स्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकले आणि तो प्रथमच जगज्जेता झाला. मर्सिडीज संघाचे आक्षेप त्याच रात्री फेटाळले गेले. अडीच वर्षांपूर्वी लॉर्ड्सच्या निकालावर जल्लोष करणाऱ्या अनेक ब्रिटिश चाहत्यांना आता न्यूझीलंडवासीयांचे दुःख नेमके काय होते, ते उमगले.

दोन्ही खेळांची जातकुळी एक कशी?

फुटबॉलमध्ये गोलफलक पाहिला की सामना कोणाकडे झुकला आहे, हे बऱ्याच अंशी समजते. क्रिकेट आणि फॉर्म्युला वनमध्ये तसे नाही. २० षटकांत १०० धावा ही चांगली सुरुवात की वाईट, हे किती गडी बाद झाले यावर ठरते. शर्यतीत पुढे असणारा खरोखर पुढे आहे का, हेही त्याचे टायर किती फेऱ्यांचे आहेत आणि त्याचा पिट स्टॉप बाकी आहे का, यावर अवलंबून असते. म्हणजेच दोन्हीकडे शिल्लक किती, हा हिशेब चाहत्याच्या डोक्यात सतत सुरू असतो. एकीकडे हाती गडी किती, दुसरीकडे टायरमध्ये जीव किती.

सर्वोत्तम साधन पूर्ण वेळ वापरता येऊ नये, याची तजवीजही दोन्हीकडे आहे. एकदिवसीय सामन्यात कितीही चांगला गोलंदाज असला तरी त्याला १० षटकांपेक्षा अधिक टाकता येत नाहीत. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात. त्यामुळे कर्णधाराला पाचव्या गोलंदाजाची षटके कुठे लपवायची आणि संघाला कमी पसंतीचे टायर कधी लावायचे, ही विवंचना सारखीच. जमीनही दोन्हीकडे स्थिर नसते. खेळपट्टी दिवसागणिक भेगाळते, चेंडू जुना होतो, रात्री दव पडते. ट्रॅकवर जसजसे रबर बसते तसतशी पकड वाढते आणि पावसाची एक सर सारे धुऊन काढते. शिवाय धावफलकावर नाव संघाचे, पण खेळपट्टीवर फलंदाज एकटा. हेल्मेटमधला चालकही तसाच एकटा.

पाऊस आला की गणित कोणाचे?

दोन्ही खेळांतील चाहत्यांना सर्वाधिक मनस्ताप पावसाने दिला आहे. २२ मार्च १९९२ रोजी सिडनीतील विश्वचषक उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला. १२ मिनिटांचा खेळ वाया गेला आणि खेळ पुन्हा सुरू होताना फलकावर एका चेंडूत २२ धावा असे लक्ष्य झळकले. प्रत्यक्षात ते २१ होते. पण त्याने काही फरक पडणार नव्हता. इंग्लंडच्या सर्वांत कमी धावांच्या षटकांनुसार लक्ष्य कमी करण्याच्या तेव्हाच्या पद्धतीमुळे दोन षटके गेली, धाव मात्र एकच कमी झाली. या पद्धतीची जागा पुढे डकवर्थ-लुईस पद्धतीने घेतली. १ जानेवारी १९९७ रोजी हरारेतील झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात ती प्रथम वापरली गेली आणि आज ती डकवर्थ-लुईस-स्टर्न नावाने ओळखली जाते. उरलेली षटके आणि उरलेले गडी यांना एकत्रित साधनसंपत्ती मानून लक्ष्य काढणे, हे तिचे सूत्र.

गणित अधिक न्याय्य झाले, तरी ते सर्वांना कळले असे नाही. ३ मार्च २००३ रोजी डर्बनमध्ये श्रीलंकेविरुद्ध २२९ धावा झाल्या म्हणजे आपण जिंकलो, अशा समजुतीत दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाऊचरने पावसापूर्वीचा शेवटचा चेंडू नुसता थोपवून धरला. २२९ हा बरोबरीचा आकडा होता. यजमान संघ एका धावेच्या गैरसमजापायी विश्वचषकाबाहेर गेला.

फॉर्म्युला वनचे सिडनी म्हणजे बेल्जियममधील स्पा. २९ ऑगस्ट २०२१ रोजी तेथे चाहते तासन्तास पावसात उभे राहिले. त्यांना सेफ्टी कारमागून जेमतेम तीन फेऱ्या पाहायला मिळाल्या. एकाही गाडीने दुसरीला मागे टाकले नाही. तरीही ही अधिकृत शर्यत ठरली आणि निम्मे गुण वाटले गेले. चाहत्यांना तिकिटाचे पैसे परत मिळायला हवेत, असे खुद्द हॅमिल्टनने म्हटले. अबू धाबीपूर्वीच्या ३६९.५ या आकड्यातील अर्धा गुण याच दिवसाचा. स्पा येथे व्हर्स्टापेनला १२.५, तर हॅमिल्टनला ७.५ गुण मिळाले. ते वगळले असते, तर हॅमिल्टन अखेरच्या शर्यतीत पाच गुणांच्या आघाडीने उतरला असता. अर्थात, अबू धाबीचा निकाल तोच लागला असता तर अंतिम विजेता बदलला नसता. पण न झालेल्या शर्यतीचे गुण जगज्जेतेपदाच्या हिशेबात धरावेत का, हा चाहत्यांचा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

दोन खेळ, दोन ‘डीआरएस’… रेषेचा वाद काय?

‘डीआरएस’ या तीन अक्षरांचा अर्थ विचारला, तर क्रिकेटप्रेमी पंचांच्या निर्णयाचा फेरआढावा सांगेल आणि शर्यतप्रेमी मागील पंखाची झडप उघडून वेग वाढवण्याची यंत्रणा. दुसरी यंत्रणा २०११ ते २०२५ या काळात फॉर्म्युला वनमध्ये होती. नावापलीकडे दोहोंत साम्य नाही. वाद मात्र दोन्हीकडे. गाडी मागे टाकण्याचे कसब सोपे केल्याची तक्रार एकीकडे, तर दुसरीकडे ‘अंपायर्स कॉल’ची. पायचीतच्या निर्णयात चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागत असल्याचे तंत्रज्ञानाने दाखवले, तर पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो. म्हणजे अगदी तसाच चेंडू एकदा बाद आणि एकदा नाबाद ठरू शकतो.

शर्यतीत हेच भांडण पांढऱ्या रेषेवर होते. क्रिकेटमध्ये बॅट क्रीजच्या रेषेवर असेल, पण पलीकडे टेकली नसेल तर फलंदाज धावचीत. फॉर्म्युला वनमध्ये उलट आहे. एक चाक जरी रेषेला टेकलेले असले तरी गाडी ट्रॅकवरच धरली जाते. नियम सोपा, अंमलबजावणी अवघड. २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत रेषा ओलांडल्याच्या १२०० हून अधिक शक्यता तपासाव्या लागल्या आणि शर्यत संपून काही तास उलटल्यावर आठ चालकांना शिक्षा झाल्या. टीव्ही बंद करून झोपलेल्या चाहत्याला सकाळी उठल्यावर वेगळाच क्रम वाचायला मिळाला.

सामना संपला म्हणजे खरोखर संपतो का?

या बाबतीत दोन्ही खेळ वेगळे आहेत. फॉर्म्युला वनचा चाहता चौकड्यांचा झेंडा पडल्यावरही पूर्ण निश्चिंत नसतो. २८ जुलै २०२४ रोजी बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल प्रथम आला, त्याने करंडकही उंचावला. नंतरच्या तपासणीत त्याची गाडी ७९८ किलोच्या किमान मर्यादेपेक्षा दीड किलो हलकी भरली. तो बाद ठरला आणि विजय सहकारी हॅमिल्टनला मिळाला. येथे कोणी मानवी मेहेरबानी केल्याचा प्रश्नच नव्हता. काट्याने वजन दाखवले, विषय संपला. म्हणूनच या निर्णयावर हळहळ झाली, पण अबू धाबीसारखा संताप उसळला नाही.

क्रिकेटमध्ये पंचांचा शब्द अंतिम मानण्याची परंपरा आहे. तिला धक्का लागला की काय होते, हे २००६ च्या ओव्हल कसोटीने दाखवले. चेंडूशी छेडछाड केल्याचा ठपका आल्यानंतर चहापानानंतर पाकिस्तानचा संघ मैदानात वेळेवर उतरला नाही आणि पंचांनी इंग्लंडला विजयी घोषित केले. आयसीसीने २००८ मध्ये तो निकाल बदलून सामना अनिर्णित ठरवला आणि २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडचा विजय कायम केला. एकदा निकाल उकरायचा ठरवले की थांबायचे कुठे, हा पेच त्यातून पुढे आला.

नियमांत बदल कोणते झाले?

लॉर्ड्सनंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबर २०१९ मध्ये आयसीसीने चौकार मोजण्याचा नियम रद्द केला. बाद फेरीत सुपर ओव्हर बरोबरीत सुटली, तर विजेता ठरेपर्यंत ती पुन्हा खेळवावी, असे ठरले. दुहेरी सुपर ओव्हरचा थरार भारतीय चाहत्यांनी लवकरच अनुभवला. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘आयपीएल’मध्ये मुंबई इंडियन्स आणि किंग्ज इलेव्हन पंजाब यांच्यात आणि १७ जानेवारी २०२४ रोजी बंगळूरुत भारत आणि अफगाणिस्तान यांच्यात.

अबू धाबीनंतर मासी यांना पदावरून हटवण्यात आले. एफआयए या नियामक संस्थेच्या मार्च २०२२ मधील अहवालाने मानवी चूक झाल्याचे मान्य केले, मात्र मासी यांचा हेतू प्रामाणिक होता आणि निकाल अंतिम आहे, असेही नमूद केले. मागे पडलेल्या ‘कोणत्याही’ गाड्या, ही नियमातील शब्दयोजना बदलून ‘सर्व’ गाड्या अशी करण्यात आली. जगज्जेतेपदाचा वाद एका विशेषणाभोवती फिरला होता. संघप्रमुखांनी शर्यत सुरू असताना संचालकांशी रेडिओवरून थेट हुज्जत घालण्याची पद्धतही बंद झाली.

स्पाच्या नाचक्कीनंतर सेफ्टी कारविना किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण नाहीत आणि शर्यत जितकी कमी तितके गुण कमी, अशी तरतूद आली. पण तीही निर्दोष नव्हती. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी जपानमध्ये पावसामुळे ५३ पैकी २८ फेऱ्याच झाल्या. गुण कमी मिळणार, असे सारेच धरून चालले होते. मात्र कपातीची तरतूद केवळ थांबवलेली शर्यत पुन्हा सुरूच न झाल्यास लागू होती. त्यामुळे पूर्ण गुण मिळाले आणि आपण जगज्जेते झालो आहोत, यावर व्हर्स्टापेनचाही काही काळ विश्वास बसेना. डर्बनमध्ये बाऊचर जिथे होता, तिथेच जवळपास दोन दशकांनंतर सुझुकाचा विजेता होता. नियम खेळाडूलाच ठाऊक नसेल, तर चाहत्याने कुठून समजून घ्यायचा?

भारतीय चाहत्याचे या दोन खेळांशी नाते कसे?

क्रिकेटबाबत सांगण्याची गरज नाही. फॉर्म्युला वन मात्र भारतात मुख्यत्वे टीव्हीवरच रुजले. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक ठरला. ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबॅस्टियन फेटेलने जिंकल्या. ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिल्या शर्यतीच्या अखेरीस चौकड्यांचा झेंडा फडकावला तो मुंबईकर सचिन तेंडुलकरने. शर्यतींचे सचिनचे वेड जुने. २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी गाडी भेट मिळाली होती. नोएडातील शर्यत करांच्या वादात अडकून बंद पडली, तरी त्या तीन वर्षांत जोडला गेलेला प्रेक्षक टिकून आहे. हा प्रेक्षक क्रिकेटवरच वाढलेला असल्याने पिट स्टॉपचा डाव त्याला पॉवर प्लेइतकाच सहज कळतो.

चाहत्यांना नेमके काय हवे असते?

आपलाच संघ जिंकावा, हे तर हवेच असते. पण हरल्याची सल काळाबरोबर कमी होते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. न कमी होणारी सल असते ती ऐनवेळी कळलेल्या किंवा ऐनवेळी वाकवलेल्या नियमाची. येथे लॉर्ड्स आणि अबू धाबी यांच्यात फरकही करायला हवा. चौकारांचा नियम विचित्र होता, तरी तो जसा लिहिला तसाच लागू झाला. सहाव्या धावेची चूक क्षणार्धातील होती. अबू धाबीत लिहिलेला नियम वाचून, बाजूला ठेवून निर्णय घेतला गेला. त्यामुळे न्यूझीलंडच्या चाहत्यांच्या वाट्याला हळहळ आली, तर हॅमिल्टनच्या चाहत्यांच्या मनात संशय राहिला. खेळासाठी दुसरी गोष्ट अधिक महागात पडते.

बरोबरी फोडण्याचा निकष खेळाच्या गाभ्याशी जोडलेला असणे, हाही विश्वासाचा भाग. अबू धाबीत दोघेही गुणांविना बाहेर पडले असते, तर अधिक शर्यती जिंकल्याच्या निकषावर नऊ विरुद्ध आठ असा व्हर्स्टापेनच जगज्जेता ठरला असता. तो निकष सर्वांना आठवडाभर आधी ठाऊक होता, पटण्यासारखाही होता. चौकारांच्या मोजणीबाबत तसे म्हणता येत नाही. एकेरी-दुहेरी धावा पळून काढणे हेही क्रिकेटच आहे.

दोन्ही खेळांच्या नियामकांनी दुरुस्त्या केल्या, ही जमेची बाजू. मात्र प्रत्येक दुरुस्तीची किंमत आधी कोणाच्या तरी पराभवाने चुकती झाली आहे. सिडनीतील दक्षिण आफ्रिकेने दिली, लॉर्ड्सवरील न्यूझीलंडने दिली, अबू धाबीतील हॅमिल्टनने दिली. बदललेल्या नियमाचा लाभ त्यांच्यापैकी कोणालाही झाला नाही. तो त्यांच्यानंतर खेळणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना मिळतो आहे.